माणिकबाग, देवळालीकरांचा वर्ग आणि पाहण्याचे शिक्षण

मुलांमध्ये कल्पकता उरली नाही, अशी तक्रार इंदूरच्या मराठी घरांतून, शाळांतून आणि मंडळांच्या बैठकांतून वारंवार ऐकू येते, आणि तिच्यावर सुचवले जाणारे उपाय बहुधा एकाच प्रकारचे असतात. मुलांना प्रदर्शनाला न्यावे, सुटीत एखादे शिबिर लावावे, रस्त्यालगतच्या भिंती रंगवाव्यात, चौकाचौकांत शिल्पे उभारावीत, म्हणजे सुंदर वस्तू सतत डोळ्यांसमोर राहतील आणि त्यांतून स्फूर्ती मिळेल, असा विचार त्यांमागे असतो. डिझाइनचे शिक्षण घेणारे विद्यार्थीही काम हाती आले की आधी मोबाइलवर इतरांची कामे पाहू लागतात. या सगळ्यांच्या तळाशी एकच गृहीत आहे. प्रेरणा ही पूर्ण झालेल्या सुंदर वस्तूंमध्ये साठलेली असते आणि अशा वस्तू पुरेशा पाहिल्या की ती आपल्यात उतरते, असे आपण धरून चाललो आहोत. मला हे गृहीत चुकीचे वाटते. ते तपासून पाहायला इंदूरइतके योग्य शहर दुसरे नसेल, कारण साधारण शंभर वर्षांपूर्वी याच शहरात दोन अगदी वेगळे मार्ग एकाच काळात चोखाळले गेले आणि दोन्हींचे फळ आज आपल्यासमोर आहे.

पहिला मार्ग दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांचा. १९२७ मध्ये त्यांनी इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. त्या शाळेकडे संग्रहालय नव्हते, युरोपातील मूळ चित्रे नव्हती, मुंबईसारखी मोठी इमारत नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर जाणे आणि समोर दिसणारे रंगवणे हा तिथल्या शिक्षणाचा गाभा होता. माळव्याची काळी जमीन, नदीकाठची देवळे, जुन्या वस्तीतली मातीची घरे आणि दिवसभरात त्यांच्यावरून सरकत जाणारे ऊन हेच त्या मुलांचे पाठ्यपुस्तक झाले. त्या वर्गातून नारायण श्रीधर बेंद्रे निघाले, देवकृष्ण जटाशंकर जोशी निघाले, विष्णू चिंचाळकर निघाले, आणि पंढरपुरात जन्मून इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेनही त्याच शाळेत शिकले. हुसेनांच्या चित्रांत आयुष्यभर येत राहिलेला कंदील हा टिनाचे काम करणाऱ्या त्यांच्या आजोबांच्या घरातला होता. बेंद्रे पुढे १९५० मध्ये बडोद्याच्या नव्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला शिकवायला गेले आणि तिथे त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची एक संपूर्ण पिढी तयार झाली. म्हणजे इंदुरातल्या एका साध्या वर्गात लागलेली सवय एका माणसाबरोबर दुसऱ्या शहरात गेली आणि तिथे रुजली.

दुसरा मार्ग राजवैभवाचा होता, आणि तोही क्षुद्र नव्हता. यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग हा प्रासाद उभारून घेतला. हा राजा आणि त्याचा वास्तुरचनाकार दोघेही तेव्हा विशीत होते. त्या काळच्या युरोपात जे सर्वांत नवे आणि सर्वांत धाडसी होते ते त्यांनी इंदुरात आणले: रुलमानचे फर्निचर, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची आरामखुर्ची, आयलीन ग्रे यांची खुर्ची, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे. शिल्पकार ब्रांकुशीची ‘अवकाशातला पक्षी’ ही शिल्पे यशवंतरावांनी घेतली, एक काळ्या संगमरवरात, एक पांढऱ्या संगमरवरात आणि एक ब्रॉन्झमध्ये. त्या पक्ष्यांसाठी ध्यानमंदिर बांधायचे म्हणून स्वतः ब्रांकुशी १९३८ च्या सुमारास इंदूरला आला होता. ते मंदिर बांधले गेले नाही. १९८० मध्ये माणिकबागेतल्या वस्तूंचा मोनाकोत लिलाव झाला, संगमरवरी पक्ष्यांची जोडी त्याआधीच ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतली होती, आणि ज्या वास्तूत हे सगळे होते तिथे आज केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आहे.

या दोन उपक्रमांमध्ये जेमतेम तीन-चार वर्षांचे अंतर आहे. शहर तेच, राज्य तेच, हवा तीच. जगातल्या उत्तमोत्तम आधुनिक वस्तू ज्या घरात होत्या त्या घरातून इंदुरात फर्निचरची, गालिच्यांची किंवा धातुकामाची एखादी परंपरा सुरू झाल्याचे दिसत नाही. आणि ज्या वर्गाकडे दाखवण्यासारखे जवळजवळ काही नव्हते त्याने भारतीय चित्रकलेला चार मोठी नावे दिली. तो राजाचा निवास होता, सामान्य कारागिराचे पाऊल तिथे पडण्याचा प्रश्नच नव्हता, हे खरे आहे आणि ते कारण मी लहान मानत नाही. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. माणिकबागेत ज्या वस्तू आल्या त्यांच्याबरोबर त्या घडण्याची रीत आली नाही. मुथेसियसची रेखाटने, नाकारलेले नमुने, सांधे कसे बसवले याची खटपट हे सारे दूर जर्मनीतल्या कार्यशाळांत राहिले आणि इंदूरला पोहोचली ती फक्त अखेरची, निर्दोष वस्तू. निर्दोष वस्तूपुढे माणूस थक्क होतो, पण तिच्यात शिरायला त्याला कुठेही फट सापडत नाही.

ब्रांकुशीचेच उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. तो रुमानियाच्या खेड्यातला. त्याच्या पक्ष्याचे मूळ तिथल्या लोककथेतल्या मायास्त्रा नावाच्या अद्भुत पक्ष्यात आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी त्याने केलेल्या मायास्त्राला चोच आहे, फुगलेली छाती आहे, पाय आहेत. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे तो पुन्हा पुन्हा त्याच विषयाकडे वळत राहिला. प्रत्येक वेळी काहीतरी गळत गेले आणि अखेर वर झेपावणारी एक सडपातळ आकृती तेवढी राहिली. इंदूरला आलेला पक्षी हा त्या वाटचालीचा शेवटचा टप्पा होता. एखाद्या तरुण शिल्पकाराला पहिल्या मायास्त्रापासून या पक्ष्यापर्यंतचा प्रवास क्रमाने पाहायला मिळाला असता तर त्याला कळले असते की प्रेरणा आजीच्या गोष्टीतून आली, आणि शिल्प मात्र त्या एका गोष्टीशी तीन दशके चिकटून राहिल्याने झाले. नुसता शेवटचा पक्षी पाहून हे कळणे फार कठीण आहे.

आपल्याकडच्या साहित्यशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी नेमकेपणाने मांडली आहे. ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता मम्मट याने काव्याची कारणे सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन एकत्र धरली, आणि निपुणता कशी येते हे सांगताना लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवेक्षणाने, म्हणजे बारकाईने पाहण्याने, असे म्हटले. जन्मजात शक्तीचे महत्त्व त्याने नाकारले नाही. पण आधीच्यांची काव्ये पाहण्याबरोबर चालता-बोलता लोक पाहणेही त्याला तितकेच आवश्यक वाटले, आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास त्याने त्याला जोडला. आपण आज या तिघांपैकी एकच भाग उचलला आहे, तोही अर्धा: इतरांनी केलेले पाहणे.

देवळालीकरांच्या विद्यार्थ्यांपैकी विष्णू चिंचाळकरांनी या विचाराला सर्वांत दूरवर नेले. इंदूर त्यांना गुरुजी म्हणत असे. १९१७ मध्ये जन्मलेला आणि २००० मध्ये निवर्तलेला हा माणूस रीतसर शिकलेला, उत्तम व्यक्तिचित्रे करणारा चित्रकार होता, आणि तरीही त्याने आयुष्याचा मोठा भाग वाळलेली पाने, झाडांची साल, मुळे, शेंगा, फुटक्या वस्तूंचे तुकडे यांच्या संगतीत घालवला. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते वस्तूवर कमीत कमी संस्कार करीत. वाळून वळलेल्या पानात पक्षी आधीच असे. ते पान योग्य कोनात ठेवून दाखवण्याचे काम तेवढे गुरुजी करीत. लहान मुलांना त्यांनी देवनागरी अक्षरांत आणि अंकांत लपलेली चित्रे शोधायला शिकवले, ज्यासाठी पाटी आणि खडू यांपलीकडे काही लागत नाही. टाकाऊतून टिकाऊ या शालेय उपक्रमाशी त्यांच्या कामाची गल्लत केली जाते ती मला मान्य नाही. टाकाऊतून टिकाऊमध्ये आधी ठरते की फुलदाणी करायची आणि मग बाटली शोधली जाते. गुरुजींच्या रीतीत आधी वस्तू येते आणि ती काय होऊ शकते हे तिच्याकडे पाहत राहिल्यावर कळते. हा क्रम उलटला की सगळेच उलटते.

हीच रीत माळव्यातल्या मुलींना कुणी न शिकवता ठाऊक होती. पितृपक्षात भिंतीवर संजा मांडतात. मराठी घरांतून भोंडला आणि भुलाबाईची गाणी घेऊन आलेल्या आपल्या आज्या-पणज्या माळव्यात स्थिरावल्या तेव्हा शेजारच्या अंगणातली ही संजा त्यांच्या मुलींनी पाहिली असणारच. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या भिंतीवर शेणाच्याच बारीक वळ्यांनी आकार काढायचे, त्यांत गुलतेवडीच्या आणि इतर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, दुसऱ्या दिवशी नवा आकार काढायचा, आणि अखेरीस मोठा किलाकोट मांडून सगळे पाण्यात सोडायचे. त्या दिवशी जी फुले मिळाली तेवढाच रंग. पाऊस झाला तर शेण ओले राहते, ऊन कडक असेल तर वळ्या तडकतात, म्हणून हात त्याप्रमाणे चालवावा लागतो. रोज बदलणारा आकार, मर्यादित साहित्य आणि सोबतीला बहिणी-मैत्रिणी, याहून चांगला रचनेचा पाठ कोणत्याही महागड्या संस्थेत मिळत असेल असे मला वाटत नाही. आता बाजारात छापील कागदाची संजा मिळते. ती भिंतीला लावतात, गाणी म्हणतात, आरती करतात. ज्या घरात भिंत ऑइलपेंटची आहे आणि शेण आणायचे कुठून हा प्रश्न आहे, त्या घराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. विधी टिकला याचे समाधान मलाही आहे. पण मुलीच्या हातून जे घडत होते ते संपले, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही.

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झाक्यांचा, म्हणजे चित्ररथांचा, विचार मला याच संदर्भात करावासा वाटतो, कारण इंदूरच्या सर्जनशीलतेचा तो सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी अभ्यासलेला पुरावा आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, होप या कापडगिरण्यांच्या कामगारांनी ही परंपरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवली. पौराणिक किंवा सामाजिक प्रसंग, हलणाऱ्या आकृत्या, हजारो दिवे, आणि ते सगळे गाडीवर चढवून रात्रभर शहरातून फिरवायचे. हे काम कुणी केले हे महत्त्वाचे आहे. गिरणीतल्या फिटरने, सुताराने, विजेच्या कामगाराने, रंगाऱ्याने आपल्या नेहमीच्या हत्यारांनी ते केले. मान हलणारा राक्षस किंवा पंख मिटणारा गरुड करायचा तर फिरणाऱ्या चाकाची गती पुढे-मागे जाणाऱ्या हालचालीत बदलावी लागते, आणि हे ज्ञान त्या माणसांना वर्षभर मागासमोर उभे राहून मिळालेले होते. राक्षसाच्या मानेतली कळ त्यांना गिरणीच्या यंत्रात दिसली. इथे कलेची प्रेरणा रोजच्या मजुरीतून निघाली, आणि मजुरीलाही त्यामुळे एक प्रतिष्ठा मिळाली. १९९१ मध्ये हुकुमचंद गिरणी बंद पडली. कामगारांची देणी वर्षानुवर्षे थकली, न्यायालयात खेटे सुरू झाले, तरी झाकी काढण्याची जिद्द त्यांनी सोडली नाही. जी माणसे स्वतः उपाशी राहण्याच्या बेतात होती ती झाकीसाठी वर्गणी का गोळा करीत होती, याचा विचार आपल्या कलाशिक्षणाच्या चर्चेत कधीच होत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

कला आणि रचना यांच्याबाहेरही हाच नियम चालतो. १९२४ मध्ये इंदुरात वनस्पतीविषयक संशोधनाची संस्था उभी राहिली आणि इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. यशवंत वाड या आपल्या मराठी सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ पर्यंत खत तयार करण्याची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ठरावीक अंतराने ते उलथायचे, ओल आणि हवा दोन्ही सांभाळायच्या, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. यातला एकही पदार्थ नवा नव्हता, प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगणात तो पडलेला होता. हॉवर्डने शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले गुरू मानले आणि त्यांच्याकडे पाहण्यात वर्षे घालवली, म्हणून त्याला तो दिसला. २०२२ मध्ये देवगुराडिया येथे दररोज ५५० टन ओला कचरा पचवून वायू तयार करण्याची क्षमता असलेला प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच्या पायाशी दारोदार वेगवेगळा दिला जाणारा कचरा आहे. इंदूरची स्वच्छता ही माझ्या मते या पाहण्याच्या परंपरेतलीच गोष्ट आहे, कारण आधी माणसाला कचऱ्याकडे निरखून पाहावे लागते, तेव्हा कुठे तो कचरा सहा प्रकारांत वेगळा करू शकतो.

म्हणूनच स्वच्छतेच्या जोडीने जे सुशोभीकरण चालले आहे त्याबद्दल मला स्पष्ट बोलावेसे वाटते. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवलेल्या शहराने आपल्या भिंती रंगवाव्यात, उद्याने सजवावीत, यात वावगे काही नाही. विश्राम बागेत लोखंडी भंगारातून अयोध्येच्या राममंदिराची जी प्रतिकृती उभी आहे ती पाहताना वेल्डिंग करणाऱ्यांच्या हाताचे कौतुक वाटते आणि तिथे येणाऱ्या कुटुंबांचा आनंदही खरा असतो. माझा आक्षेप एवढाच आहे की त्या हातांकडून आपण फक्त प्रतिकृती मागितली. सायकलचा गिअर, पाण्याचा पाइप, मोटारीची स्प्रिंग यांचे स्वतःचे आकार असतात. ते आकार एखाद्या ठरलेल्या बाह्यरेषेत कोंबले की लोखंड कुठले होते हे महत्त्वाचे राहत नाही. गिरणीच्या फिटरला ज्या मोकळेपणाने काम करता आले ते आजच्या कारागिराला निविदेतल्या नकाशाबरहुकूम काम करताना मिळत नाही. भिंतींचेही तसेच. पुलाखालच्या एका भिंतीवर वारली आकृत्या, दुसऱ्या भिंतीवर मधुबनी, तिसऱ्या भिंतीवर मोर, हे आता देशातल्या कुठल्याही शहरात सारखेच दिसते. ज्यांच्या घरांच्या भिंतींवर त्या आकृत्या जन्मल्या त्या माणसांचा आणि त्यांच्या पावसापाण्याचा त्या चित्रांशी संबंध तुटलेला असतो. माळव्याचा स्वतःचा मांडणा आहे, गेरू आणि खडीचा, आणि तो घालणाऱ्या बायका याच शहराच्या वस्त्यांत राहतात. त्यांना भिंत द्या, दिवस द्या, योग्य मोबदला द्या आणि त्यांना काय काढायचे ते त्यांनाच ठरवू द्या.

या शहराला हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदूरच्या नगररचनेचा अभ्यास करायला आला तेव्हा प्लेगची भीती होती. त्याने दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग करून घेतला. अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा मिरवणुकीत निघाल्या, स्वच्छता करणाऱ्या कामगारांना मान दिला गेला, आणि ज्या वस्त्या अधिक स्वच्छ होतील त्यांच्यामधून मिरवणूक जाईल असे ठरले. १९१८ मध्ये त्याने होळकर दरबाराला सादर केलेला अहवाल आजही नगररचनेचे विद्यार्थी अभ्यासतात. गेडिसने नवी प्रतिमा परदेशातून आणली नाही. लोकांच्या ओळखीची जी मिरवणुकीची प्रथा होती तिच्याकडेच त्याने नीट पाहिले.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. यशवंतरावांना जे मिळवण्यासाठी युरोपचा प्रवास आणि राज्याचा खजिना लागला ते आज कोणत्याही मुलाला मोबाइलवर मिळते. मग आपल्या गल्लीतल्या चिंचेकडे पाहा असे सांगणे म्हणजे त्याला जगापासून तोडणे नव्हे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि जग पाहू नये असे मी म्हणत नाही. बेंद्र्यांनी युरोपीय चित्रकला पाहिली, तिच्यापासून ते पुष्कळ शिकले, आणि त्यांच्या कामाला त्याने कमीपणा आला नाही. पण ते तिच्यापाशी पोहोचले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माळव्याचे ऊन आधीपासून होते. परक्या चित्रातल्या रंगाचे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते, कारण स्वतःच्या रंगाशी त्यांची झटापट झालेली होती. ज्याने कधी झाडासमोर बसून झाड काढलेले नाही त्याच्यासमोर हजार उत्तम झाडे आली तरी त्यांतून निवड कशी करायची हे त्याला कळत नाही, आणि मग सर्वांत जास्त लोकांनी पसंत केलेले तेच तो उचलतो. म्हणूनच एकाच वर्षी निघालेल्या कॅफेंच्या भिंती, लग्नाच्या पत्रिका आणि कपड्यांवरची नक्षी सगळीकडे सारखी दिसते.

इंदुरापासून नव्वद-एक किलोमीटरवर महेश्वर आहे. तिथल्या साडीच्या काठांची नावे पाहावीत: चटई, ईंट, हीरा, चमेली, लहर. घरातली चटई, भिंतीतली वीट, अहिल्याबाईंच्या घाटावर आणि वाड्यावर दगडात कोरलेली नक्षी, पायरीला येऊन लागणारी नर्मदेची लाट. विणकराने जे रोज पाहिले ते त्याने ताण्या-बाण्याच्या हिशेबात बसवले, आणि धागा फक्त आडवा आणि उभाच जाऊ शकतो या अडचणीने त्या नक्षीला तिचे खास वळण दिले. जगभर ती साडी आवडते ती तिच्यात एक विशिष्ट जागा आहे म्हणून. देवकृष्ण जोशी याच महेश्वरचे, आणि त्यांच्या निसर्गचित्रांतही तोच घाट आहे. आपल्या गल्लीकडे पाहणारा माणूस जगापासून तुटत नाही याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

आता शाळांकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. इंदूरच्या कोणत्याही शाळेत निसर्गचित्र काढा असे सांगितले की बहुतेक मुले दोन डोंगर काढतात, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, वळणाची निळी नदी, एक झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचे झाड. माळव्याच्या पठारावर नारळाची झाडे सहसा दिसत नाहीत, आणि शहरातल्या नद्यांचे पाणी निळे नाही. हे दृश्य मुलांनी प्रत्यक्षात कुठे पाहिलेले नसते. ते चित्रकलेच्या तासाला फळ्यावरून वहीत आणि मोठ्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत उतरलेले असते. त्यात मुलांचा दोष नाही आणि एकट्या चित्रकलाशिक्षकाचाही नाही, कारण ज्याला पाच इयत्ता सांभाळून स्नेहसंमेलनाचा पडदाही रंगवायचा असतो त्याने मुलांना बाहेर न्यावे कधी? गणित-विज्ञानाला वेळ पुरत नाही हे कारण पालक देतात. पण पाहणे हा विज्ञानाचाही पहिला धडा आहे, आणि हॉवर्ड-वाडांचे उदाहरण याच शहरातले आहे. आठवड्यातला चित्रकलेचा एक तास जरी मुले शाळेच्या आवारात एका झाडासमोर, एका सायकलसमोर, एका गॅसच्या शेगडीसमोर बसली आणि आठ आठवडे तीच वस्तू काढत राहिली, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत त्यांना कंटाळा येईल आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे त्यांना त्या वस्तूत काहीतरी नवे दिसू लागेल. त्या कंटाळ्याला आपण घाबरतो, म्हणून दर आठवड्याला नवा विषय देतो.

महापालिकेने करण्यासारख्या गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत. वेगळ्या केलेल्या सुक्या कचऱ्यातले सुरक्षित साहित्य, पुठ्ठे, लाकडाचे तुकडे, धातूचे निरुपद्रवी भाग, शाळांना आणि कलाविद्यार्थ्यांना नेता येईल असे एक भांडार उघडावे. त्यातून काय करायचे याची सूचना मात्र त्यावर लावू नये. झाक्या तयार होतात त्या जागा भाद्रपदात काही दिवस संध्याकाळी शाळांसाठी उघड्या ठेवाव्यात, म्हणजे राक्षसाची मान हलते कशी हे मुलांना आतून पाहता येईल आणि ज्या म्हाताऱ्या कामगारांना हे ठाऊक आहे त्यांच्याकडून ते ऐकता येईल. माणिकबागेत कार्यालय आहे आणि त्याच्या कामाला बाधा येऊ नये हे मान्य. तरी वर्षातले काही सुटीचे दिवस डिझाइन आणि वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना मोजपट्टी आणि वही घेऊन तिथे बसू द्यावे. वस्तू गेल्या आहेत, पण खिडक्यांची रचना, खोल्यांची मापे आणि प्रकाशाची योजना वास्तूतच आहे, आणि मोजून काढलेल्या नकाशातून जे कळते ते लिलावाच्या रंगीत पुस्तकातून कळत नाही.

आणि जे आपल्या मराठी मंडळांच्या हातात आहे त्यासाठी तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत दर गणेशोत्सवात चित्रकलेच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात आणि जवळजवळ सगळी चित्रे मंडपात बसून आठवणीने काढलेली असतात. येत्या वर्षीच्या पत्रकात ‘निसर्गचित्र’ असा विषय देण्याऐवजी मुलांना सकाळी सातला जवळच्या बागेत बोलवावे, समोर जे झाड दिसेल ते दोन तास त्याच्यापुढे बसून काढायला सांगावे, आणि परीक्षकांनी बक्षीस ठरवण्यापूर्वी त्या चित्रांसह स्वतः त्या झाडापाशी जाऊन उभे राहावे.